रावांच्या न्हाणीतला कडप्पा

मला लोकांनी दिवाणखान्यात फारसं बसवलं नाही. घरात शिरायचं, चपला काढायच्या, पाण्याचा पेला हातात घ्यायचा आणि सरळ न्हाणीघर गाठायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. नवऱ्याच्या मोटारीच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईला गेलो आणि अण्णा नगरमधल्या एका टाइल्सच्या शोरूममध्ये मी कामाला लागले. पुढे स्वतंत्रपणे बाथरूम सजवून द्यायला लागले. माहेरी साताऱ्याला आत्या अजूनही मला "आमची मोरीवाली" म्हणते. म्हणू दे. तिच्या मोरीत पाणी तुंबतं, माझ्या तुंबत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, हे काम म्हणजे टाइल्सचे रंग आणि आरशावरचे दिवे. रंगाचं काम गिऱ्हाईक स्वतःच करतं, तेही चार दुकानं हिंडून आणि नवरा-बायकोत अबोला धरून. आमचं खरं काम जमिनीत असतं. पाणी जाळीकडे वाहिलं पाहिजे, दाराकडे नाही. हा ढाळ डोळ्यांना दिसता कामा नये, पण पाण्याला कळला पाहिजे. एवढं जमलं की अर्धं शास्त्र आलं. उरलेलं अर्धं म्हणजे चेन्नईचं बोअरचं खारट पाणी. काळ्याभोर चकचकीत टाइल्स हौसेने लावाव्यात आणि पंधरा दिवसांत त्यांच्यावर पापड लाटल्यासारखं पांढरं पीठ बसावं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की काळ्या टाइल्स मागणाऱ्याला आधी मी चहा पाजत असे आणि मग समजावत असे.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या साहेबांना टबच हवा होता. मी नको नको म्हटलं, तरी बसवला. त्याच उन्हाळ्यात शहरात पाण्याची बोंब झाली. टँकरची लॉरी आली की गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रांग लावायच्या. साहेबांनी टबात पाणी साठवलं आणि घरातली पाच माणसं दोन महिने त्यातून तांब्याने पाणी घेत राहिली. भेटले की म्हणायचे, "मॅडम, टब फार उपयोगी पडला." 

दुसरं जोडपं आपल्याकडचंच, नाशिकचं, नवं लग्न झालेलं. झोपायची खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये भिंत नको, काच हवी म्हणाले. परदेशातल्या हॉटेलात पाहिली होती. काच बसली, दोघं खूश. तीन महिन्यांनी मुलीचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "मावशी, सासूबाई उद्या येतायत. आज पडदा लावून मिळेल का?" मिळाला. पडदा असा लावून दिला की सासूबाईंनी त्याचं कौतुक केलं.

असल्या फजित्यांतून मी शहाणी झाले आणि माझी एक वही झाली. नव्या घरी गेलं की टेप काढण्याआधी वही काढायची. बसून अंघोळ करता की उभ्याने? बादली की शॉवर? घरात गुडघे कुणाचे दुखतात? आणि एक खास तिकडचा प्रश्न: तेलाची अंघोळ कोणत्या वारी?

हा प्रश्न मला सेल्वमने शिकवला. सेल्वम म्हणजे माझा टाइल्स बसवणारा मेस्त्री. रोज आवडी नावाच्या उपनगरातून लोकलने यायचा, कमी बोलायचा आणि ओळंब्याइतका सरळ होता. त्यानेच मला पहिल्या वर्षी सांगितलं की इथे घराघरांत आठवड्याला तिळाच्या तेलाने न्हाण्याची रीत आहे. बायकांचा मंगळवार किंवा शुक्रवार, पुरुषांचा बुधवार किंवा शनिवार. डोक्यापासून टाचेपर्यंत तेल, मग शिकेकाई, मग कढत पाणी. अशा घरात गुळगुळीत टाइल बसवली तर पुढच्या शनिवारी कुणाचं तरी हाड मोडणार. तेव्हापासून तमिळ घरात हा प्रश्न मी कधी चुकवला नाही. परक्या घरात माणूस सावध असतो.

चुकले ती आपल्या घरात.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. एक फोन आला आणि पलीकडून चक्क मराठी! जरा वेगळ्या चालीचं, तमिळ हेल काढून बोललेलं, पण मराठी. "मी मुरली राव बोलतोंय. आम्ही तंजावूरकडचे मराठी. अम्मा-अप्पांचा बाथरूम नवा करायचा आहे." इतकी वर्षं मोडक्या तमिळमध्ये "खाली, वर, डावीकडे, नाही हो डावीकडे" करून जीव मेटाकुटीला आला होता. माहेरचं माणूस भेटल्यासारखी मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अण्णा नगरच्या घरी हजर.

मुरली सॉफ्टवेअरमध्ये होता. लग्न झालेला, आईवडिलांवर जीव असलेला. घरातली सर्वांत मोठी खोली त्याने स्वतःला न ठेवता त्यांना दिली होती. वडील गोपालराव आवडीच्या संरक्षण कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचे भाग मोजून पास-नापास करण्यात हयात गेलेली. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. खिडकीपाशी खुर्चीत बसून ते माझ्या टेपकडे टक लावून पाहत होते.

आणि कमलाबाई. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, नाकात दोन्ही बाजूंना चमकी. त्यांचं मराठी ऐकून मी हरखून गेले. जुन्या पत्रांतलं असावं तसं.

"या मा, बसा. कॉफी घ्या, मग काम पाहा."

कॉफी घेतली. गप्पा झाल्या. त्यांच्या घरची डांगर पचडी आणि आमचं डांगर एकच निघालं, त्याचा केवढा आनंद! वही पर्समध्येच राहिली.

बाथरूम जुनं होतं. एका कोपऱ्यात भिंतीला लागून कडप्प्याची एक ओबडधोबड बैठक होती, गुडघ्याहून बुटकी, लांबच लांब. तिच्यापुढे एक लाकडी पाट. सगळी जागा तिनेच खाल्ली होती. मी मनातल्या मनात तिला तेव्हाच उडवली. तिच्या जागी काचेची बंदिस्त शॉवरची जागा, आत भिंतीला घडी होणारी बसायची सीट, धरायला स्टीलचे दांडे, हातात घ्यायचा शॉवर, पायाखाली खरखरीत टाइल. वयस्कर माणसांसाठी कॅटलॉगात जे जे होतं ते सगळं घेतलं. भिंतींना हस्तिदंती रंग, मध्ये समुद्री निळ्या रंगाचा एक पट्टा, आरशाच्या मागे मंद दिवा. चित्र काढून दाखवलं तेव्हा मुरलीचे डोळे चमकले.

कमलाबाई चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "चांगलें आहे मा. यांचें तेल लावून न्हाणें असतें, त्यास जागा..."

"असतंच की हो मावशी," मी त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडलं, "आपल्याकडे कुणाकडे नसतं? दिवाळीला आमच्याकडेही तेल-उटणं लागतंच." आणि उटण्याच्या आठवणी सांगत सुटले. कमलाबाई ऐकत राहिल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. पाहुणीला दोनदा सांगायचं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

तोडायच्या दिवशी सेल्वमने छिन्नी कडप्प्यावर टेकवली आणि थांबला.

"मॅडम, केट्टींगळा?" विचारलंत का, असं तो म्हणत होता.

"अरे, ही माझीच माणसं आहेत," मी म्हणाले. "मला माहीत आहे."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घाव घातला. कडप्पा तीन तुकड्यांत निघाला.

बाथरूम झालं मात्र देखणं. खोटा विनय करत नाही, आजही मला ते आवडतं. दोन-अडीच महिन्यांनी मी काचेच्या कडा तपासायला आणि शोरूमच्या अल्बमसाठी फोटो काढायला गेले. मुद्दाम शनिवारी सकाळी, कारण मुरलीला सुट्टी असते. बाथरूम लखलखीत होतं. जास्तच लखलखीत. माझ्या डोळ्याला कळतं की कोणती न्हाणी वापरातली आणि कोणती नुसती पुसलेली.

मुरली भाजी आणायला गेला होता. कमलाबाईंच्या उजव्या मनगटाला क्रेपचं बँडेज होतं. मी विचारलं. आधी "कांहीं नाहीं मा" झालं. मग कॉफी आली. मग, अगदी माझी समजूत काढावी अशा सुरात, त्यांनी सांगितलं.

लग्न झाल्यापासून दर शनिवारी गोपालरावांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम त्यांचं. ते बैठकीवर बसायचे, कमलाबाई समोरच्या पाटावर. झटका आल्यावरही ते चुकलं नव्हतं. उलट तेव्हापासून तो शनिवार म्हणजे त्यांचा मोठा ठेवा झाला होता, कारण आठवडाभर मुका असलेला माणूस त्या अर्ध्या तासात बोलायचा. फार नाही. दोन-तीन शब्द.

"काय बोलायचे?" मी विचारलं.

"रागवायचे," कमलाबाई म्हणाल्या आणि हसल्या. "पाणी ऊन झालें, डोळ्यांत शिकेकाई गेली, हळू चोळ. पहिल्यापासून तसेंच. पन्नास वर्षें रागावलेत मा मजवर, न्हाताना."

नव्या जागेत एकच माणूस मावत होता. सीट एकाची, दार अरुंद, पाटाला जागाच नाही. पहिल्या शनिवारी त्यांनी दाराबाहेर उभं राहून, आत वाकून तेल लावायचा प्रयत्न केला. गोपालरावांच्या तेलकट हातातून दांडा सुटला, ते सीटवरून कलंडले. कमलाबाईंनी त्यांना अंगावर झेललं. ते वाचले, बाईंचं मनगट मुरगळलं. मुरली हादरला. त्याने तेलाची अंघोळ बंद केली आणि एक मदतनीस ठेवला. तो रोज पाच मिनिटांत शॉवरने अंघोळ घालून, पुसून, खुर्चीत आणून बसवतो.

"चांगला माणूस आहे," कमलाबाई म्हणाल्या. "पण आतां हे शनिवारीं पण बोलत नाहींत."

मी खिडकीपाशी बसलेल्या गोपालरावांकडे पाहिलं. ते माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहत होते. मला इतकी लाज वाटली की तो कॅमेरा काढून पर्समध्ये कोंबला. तिथे वही होती. तिच्यात रावांच्या नावाचं पान कोरं होतं.

आता मुरलीला सांगायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. ते बाथरूम त्याने आईवडिलांना दिलेली भेट होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हौसेने दाखवायचा. मी त्याला म्हणाले की काच काढावी लागेल, बैठक पुन्हा बांधावी लागेल. त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, अप्पा पुन्हा पडले तर? आणि अम्माला जागा कमी पडत होती तर तिने तेव्हांच सांगायचं ना!"

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी ऐकलं नाही. तुमच्या समोरच."

 बहुतेक त्यालाही ते वाक्य आठवलं असावं, चित्र बघताना कानावरून गेलेलं. मग आत जाऊन आईच्या बँडेजचा हात हातात घेऊन बसला. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "डॉक्टरांना विचारतों. ते हो म्हणाले तर करा." डॉक्टर म्हणाले, कोमट पाणी चालेल, तेलही चालेल, पण माणूस पडता कामा नये आणि मदतनीस जवळ हवा.

या वेळी मी टेप आधी काढलाच नाही. सेल्वमला म्हटलं, आज विटा आण, सिमेंट नको. काच काढलेल्या कोरड्या बाथरूममध्ये आम्ही विटा रचल्या, त्यावर सतरंजी घातली आणि कमलाबाईंना म्हटलं, "मावशी, पाणी नाही, तेल नाही. पण शनिवारी करता तसं सगळं करून दाखवा."

त्या आधी लाजल्या. मदतनिसाने गोपालरावांना आणून विटांवर बसवलं. कमलाबाई पाटावर बसल्या, रिकामी वाटी डाव्या हाताला ठेवली आणि शर्ट घातलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर कोरडा हात फिरवायला लागल्या. सुरुवातीला सावकाश, मग सवयीने. मी दाराशी बसून वहीत लिहीत होते. वाटीकडे हात कुठवर जातो. पाठ चोळताना त्या किती उठतात. बादली कुठे लागते. सेल्वम दोनदा उंची कमी करायला आला आणि एक-एक वीट काढून गेला. तेव्हा मला समजलं की त्या जुन्या बैठकीत काहीच ओबडधोबड नव्हतं. ती या दोन माणसांच्या मापाची होती.

बैठक नव्याने बांधली, जमीनही नव्याने घातली. सेल्वमने कडप्पा आणला आणि आवडीहून येऊन दोन दिवस हाताने टाकी लावून तो खरखरीत करत बसला, तेलकट अंग त्यावरून सरकू नये म्हणून. दांडे आम्ही खाली घेतले आणि त्यांना सुतळी गुंडाळली. दिसायला वाईट, पण तेलकट हाताला पकड येते. ही युक्ती कुठल्या कॅटलॉगात नाही.

काम संपत आलं तेव्हा गोपालरावांना चाकाच्या खुर्चीतून दाखवायला आणलं. सेल्वमची पाणसळ बैठकीवर पडली होती. त्यांनी डावा हात पुढे केला. सेल्वमने, काय मनात आलं कोण जाणे, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पाटाच्या जागेपाशी जमिनीवर ठेवायची खूण केली, वाकून बुडबुड्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा बोट दाखवलं. नाही.

मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. ढाळ जाळीकडे होता, बरोबर होता. पण जाळीकडे जाताना पाणी पाटाखालून जाणार होतं, म्हणजे नवऱ्याच्या अंगावरचं सगळं तेल कमलाबाईंच्या पायांखालून वाहिलं असतं. दोन माणसांच्या न्हाणीचा ढाळ मी एका माणसाच्या हिशेबाने दिला होता. आयुष्यभर मापं नापास करणाऱ्या माणसाने माझं माप नापास केलं आणि ते शंभर टक्के योग्य होतं.

"सरी सार," बरोबर आहे साहेब, असं सेल्वम अदबीने म्हणाला आणि ताज्या टाइल्स उपटायला बसला. गोपालराव दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

पहिल्या शनिवारी काही घडलं नाही. मुरलीने फोन करून सांगितलं, अंघोळ नीट झाली, पण अप्पा गप्पच होते. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारनंतर मी विचारायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला फोनची भीती वाटायला लागली होती. गेलेलं बोलणं दगडासारखं परत बसवता येत नाही, एवढं या धंद्याने मला शिकवलं होतं.

मग दिवाळी आली. तिकडे दिवाळीच्या सकाळी भेटेल त्याला "गंगास्नानम् आच्चा?" असं विचारतात, म्हणजे तेलाची अंघोळ झाली का. मी नुकती न्हाऊन केस पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"गंगास्नान झालें का मा?" कमलाबाई विचारत होत्या.

"झालं मावशी. तुमचं?"

"माझें झालें. यांचें चाललें आहे. हा फोन मुरलीनें माझ्या कानाशीं धरला आहे, माझे हात तेलाचे."

मागे पाण्याचा आवाज येत होता. तांब्या बादलीत बुडाला, वर आला. आणि मग एक जाड, अडखळता, चिडका आवाज.

"कमला. ऊन. फार ऊन."

  मग कमलाबाई म्हणाल्या, "ऐकलां मा? रागावले." आणि फोन मुरलीच्या हातात तसाच सोडून त्या बादलीत गार पाणी घालायला वळल्या.

त्या बाथरूमचा फोटो माझ्या अल्बमात नाही. त्यानंतर मी मराठी घरात गेले की वही सगळ्यांत आधी काढते.